चरणानंदांचे सिद्ध बूट

या मंडळी, अशी जवळ सरकून, मांडी घालून बसा. आज एका बुटांच्या जोडीची गोष्ट सांगते.

इकडे हिंदी मुलखात, बाग सेवनियातल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात कीर्तन होतं. उत्तररंग संपला होता, आरती व्हायची होती. आरतीआधी कुणी उठायचं नाही, हा आमचा नेम. चरणानंद नावाच्या साधूला तो ठाऊक असणार, कारण भगव्या कफनीतला तो माणूस नेमका तेव्हाच पुढे आला. हातात चांदीचं ताट, ताटात निळे धावायचे बूट, वर झेंडूचं फूल.

"माताजी, ये जूता नहीं, प्राणशक्ति है! सोल में नर्मदा का सिद्ध कंकड़! हड्डी टूटी हो, फिर भी दौड़िए!"

कीर्तनकारबुवांच्या पायांवर डोकं ठेवायची आम्हाला इतकी सवय, की लोक त्याच हाताने बुटांनाही नमस्कार करू लागले!

मग त्याने आमच्या मंडळातल्या नलिनीला उभं केलं. हात आडवा धरायला सांगून मनगट दाबलं. नलिनी कोलमडली. बूट घालून पुन्हा दाबलं, तर ती खांबासारखी उभी. टाळ्याच टाळ्या!

नलिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची लेक अबोली पोलीसभरतीला बसली होती. रविवारी धाव, आणि नडगीच्या हाडाला बारीक चीर. डॉक्टरांनी पळणं बंद केलेलं.

"अबोली, सोड ती पट्टी. हे बूट घाल आणि उद्यापासून पळ."

"आई, पाय टेकला तरी कळ येते गं."

"श्रद्धा ठेव की जरा!"

तेवढ्यात अबोलीला धावायला शिकवणारी सुचेता मागून पुढे आली. तिने ताटातला बूट उचलला, दोन्ही टोकं धरून वाकवला. तो मधोमध पोळीसारखा दुमडला.

"बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मध्ये नव्हे. टाच बघा, अंगठ्याने दाबली की बसली. अबोली, अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, आणि घालून पळून बघायचं. ताटात ठेवून बूट कळत नाही."

"बेटी, यह विज्ञान के परे है."

"मग महाराज, डोळे बांधू तुमचे? शक्ती बुटात आहे ना, तुम्हाला दिसायची काय गरज?"

सभा हसली. नाही म्हणायची सोय उरली नाही. सुचेताने त्याच्याच उपरण्याने त्याचे डोळे बांधले आणि नलिनीला खुणेनेच समोर उभं केलं. चरणानंदाने चाचपडत मनगट दाबलं. नलिनी ढिम्म हलली नाही.

"देखिए! यह है सिद्ध जूता!"

"महाराज, त्या अनवाणी आहेत," सुचेता म्हणाली.

मग त्याचे डोळे तसेच बांधलेले ठेवून "आता अनवाणीच पुन्हा दाबा" म्हणाली आणि नलिनीला गुपचूप बूट घालून उभं केलं. या खेपेला नलिनी सरळ सतरंजीवर!

सुचेताने सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने दाखवलं. मनगट खाली दाबताना किंचित बाहेर ओढलं की तोल जातो. किंचित अंगाकडे ढकललं की माणूस पक्का उभा राहतो. नलिनीनेही करून पाहिलं, चरणानंदावरच. तो पडला, उठला आणि आरती न घेताच निघाला. ताटही न्यायला विसरला.

"एवढी कीर्तनवेडी तू, आणि साधूवर शंका?" मला नंतर विचारलं गेलं. हो, शंका! माझा देव कुणाच्या मनगटाच्या हिसक्यावर उभा नाही. जो तपासू देत नाही, त्याच्यापुढे मी वाकणार नाही. तुम्हीही वाकू नका. डोळे बांधा त्याचे, मग दाखव म्हणावं चमत्कार. आणि मोडलेल्या हाडाला विश्रांती द्या, तीर्थ नव्हे.

त्या रविवारी अबोली धावली नाही. दार लावून रडली. नलिनी दाराबाहेर बसून राहिली, पण "पळ" म्हणाली नाही.

हाड आता जुळलंय, डॉक्टरांनी पळायला मोकळीक दिली आहे. पुढच्या भरतीची धाव जवळ आली आहे. तिच्या पायांत दुकानाच्या फरशीवर पळून पाहून घेतलेले साधे बूट असतील, बाकी तिची मेहनत. दिवेलागणीला देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या अबोलीची आठवण काढा.