मी हलकी झाले त्या सकाळी

मी एक जीप आहे, दहा माणसांची. दहाचा आकडा आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या भानगडी त्या आकड्यावरूनच झाल्या. सध्या मी एका गॅरेजच्या आवारात उभी आहे. अंगावर नवा रंग चढलाय, चेपलेलं टपही ठोकून सरळ केलंय. माझ्यात बसलेला एक भला माणूस गेला. त्याचा दोष ज्योत्स्ना नावाच्या बाईने स्वतःच्या डोक्यावर घेतलाय, आणि आज ती मला विकायला आली आहे. ती दोषी नाही, हे तिला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नाही. आणि मला हॉर्नशिवाय दुसरा आवाज नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

कारखान्यात मला बनवलं तेव्हा माझा एकेक भाग दुसऱ्याशी ठरवून बसवला होता. वजन इतकं, म्हणून ब्रेक इतके, म्हणून पाटे इतके. पाटे म्हणजे चाकांवर बसवलेल्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. ओझं पडलं की त्या दबतात, ओझं उतरलं की पुन्हा वर येतात. फार झालं, आता पुरे, हे माणसाला कळवायचा माझ्याकडे तेवढाच मार्ग होता.

पहिल्या मालकाने मला चार वर्षं वरातींना पिदडलं आणि विकून टाकलं. त्याच्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जाते. पाच वर्षांपूर्वी तीर्थपुरीच्या सर्जेरावांनी मला घरी आणलं. त्याच महिन्यात त्यांच्या मुलाचं, राजानंदचं, लग्न झालं होतं. सर्जेरावांनी माझे कागद नव्या सुनेच्या, म्हणजे ज्योत्स्नाच्या नावावर केले. "घरात शिकलेलं माणूस तेच हाय," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. ज्योत्स्ना जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाण्याच्या कंपनीत नोकरीला होती. त्याच कंपनीत बियाणं निवडायला जाणाऱ्या बायकांना मी रोज सकाळी घेऊन जायची आणि संध्याकाळी आणून सोडायची.

सर्जेराव मला फार आवडायचे. खांद्यावर पांढरा रुमाल, डॅशबोर्डवर बाबासाहेबांचा फोटो, आणि सकाळी तोंडात एकच शब्द, "जल्दी, जल्दी!" निघण्याआधी ते न चुकता खाली वाकायचे आणि माझं मागचं चाक व त्यावरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत हाताची बोटं आडवी घालायचे. चार बोटं गेली तर गाडी हलायची. तीनच गेली तर कुणाला तरी उतरावं लागायचं. त्यांच्या वडिलांचा बैलगाडीच्या साट्याखाली, म्हणजे फळ्यांच्या सांगाड्याखाली, हात घालून बघायचा रिवाज होता, तोच त्यांनी माझ्यावर चालवला. रीत साधी होती पण खोटी नव्हती. त्या चार बोटांवर आमची चार वर्षं सुखात गेली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत खरिपाच्या बियाण्याची घाई सुरू झाली आणि कंपनीला जास्त बायका लागू लागल्या. माझ्यासाठी थांबणाऱ्या बायका दहाच्या चौदा झाल्या, चौदाच्या एकोणीस. साठ किलोमीटरची वाट, त्यात दुसरी फेरी होण्यासारखी नव्हती. कंपनीचं फाटक साडेआठला बंद व्हायचं. नंदाबाई नावाची एक बाई तर शिवारातून दोन कोस चालत यायची. तिला रस्त्यात सोडून जायचं सर्जेरावांच्या जिवावर यायचं. पण खाली वाकलं की फटीत दोन बोटंसुद्धा जात नव्हती.

एके दिवशी ते मला मिस्त्रीकडे घेऊन गेले. "दबून राह्यली गाडी. कायतरी कर," म्हणाले. मिस्त्रीने माझ्या दोन्ही मागच्या चाकांवर दोन-दोन जाड पाटे वाढवले.

दुसऱ्या दिवशी एकोणीस बायका बसल्या, सर्जेराव वाकले आणि चार बोटं आरामात आत गेली. त्यांचा चेहरा असा काही खुलला! "बसा गं समद्या. आता कुणाला न्हाई म्हणायचं काम न्हाई."

त्यांना वाटलं, माझी ताकद वाढली. वाढलं काहीच नव्हतं. ब्रेक तेच होते, टायर तेच होते, फक्त मला दबता येत नव्हतं. सांगायचा एकुलता एक मार्ग होता, तोच त्यांनी माझ्या भल्यासाठी बंद केला. त्या दिवसापासून मला भीती वाटू लागली.

ओझ्याने गाडी कशी बदलते, हे आत बसणाऱ्याला लवकर कळत नाही. चौघीजणी मागच्या पायरीवर लटकल्या की माझं मागचं अंग जड व्हायचं आणि पुढची चाकं रस्त्याला नुसती टेकल्यासारखी राहायची. त्यामुळे स्टेअरिंग एका हाताने फिरायचं. "लोण्यावानी वळून राह्यली," सर्जेराव कौतुकाने म्हणायचे. चाकांची रस्त्यावरची पकड सुटत चालली होती आणि हे बाबा खूश होते. थांबायचं म्हटलं तर त्याहून वाईट. पूर्वी ब्रेकवर नुसता पाय टेकला की मी थांबायची. आता त्यांना पाठ सीटला रेटून, गुडघा ताठ करून पेडल दाबावं लागायचं. हळूहळू त्यांच्या पायाला तीच सवय लागली.

मार्चमध्ये अंबडच्या अलीकडे एका उतारावर पहिला इशारा मिळाला. उतार संपतो तिथे वळण आणि वळणावर नाल्याचा पूल. पुलाला कठडा नावापुरता. त्या सकाळी मल्हारी नावाचा मेंढपाळ आपली मेंढरं रस्ता ओलांडून नेत होता. सर्जेरावांनी लांबूनच ब्रेक दाबला. मी घसरत, ओरडत गेले आणि दोन मेंढ्या माझ्याखाली सापडल्या.

सर्जेराव हात जोडून खाली उतरले. मल्हारी त्यांच्या अंगावर गेला नाही. तो माझ्या चाकांच्या काळ्या रेघा जिथून सुरू झाल्या होत्या तिथपर्यंत चालत गेला आणि पावलं मोजत परत आला.

"सर्जेरावभाऊ, तिथं दाबला बिरेक, अन् गाडी इथं थांबली. येवढ्या जागेत माझी समदी मेंढरं बसत्यात. किती माणसं घेऊन राह्यलात?"

"रोजचीच हायेत," सर्जेराव म्हणाले.

"आमचं बिऱ्हाड घोड्यावर असतंय. उतार आला की आम्ही लेकरंबाळं खाली उतरवतो. वझं घेऊन उतरताना घोडं आपलं राहत न्हाई."

मागच्या बाकावरच्या ज्योत्स्नाने हे ऐकलं. संध्याकाळी कंपनी सुटल्यावर ती म्हणाली, "मामा, गाडी जरा काट्यावर घ्या." एमआयडीसीत लोखंडाच्या मालाच्या गाड्या ज्या काट्यावर तोलतात, त्यावर मी एकोणीस बायकांसकट उभी राहिले. बायका हसत होत्या, आपलं वजन विचारत होत्या. आकडा आला सत्तावीसशे साठ. माझ्या कागदावर सगळं धरून तेवीसशेची परवानगी होती.

"साडेचारशे किलो जास्त हाय मामा. पाटे काढून टाका. नऊ बायांसाठी दुसरी गाडी बघू."

सर्जेराव खाली वाकले, बोटं फटीत घातली. "ये, तू सोता बघ. चार बोटं बराबर जाऊन राह्यली. काटा त्येंचा, गाडी आपली." मग सुनेचा पडलेला चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "एवढा हंगाम जाऊ दे, पोरी. मे सरला की काढतो पाटे. आत्ता कुणाला उतरवू, सांग. नंदाबाईला?"

ज्योत्स्नाने नंदाबाईकडे पाहिलं. उतरायचं तर आपणच, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ती स्वतः एसटीने जाते म्हणाली, तर तिच्या जागेवर लगेच वेगळीच बाई येऊन बसली. जागा रिकामी राहत नाही हे पाहून ज्योत्स्ना मुकाट्याने आपल्या जागी परत आली. उतार आला की ती समोरचा बार दोन्ही हातांनी धरायची. तिच्या हातांचा घाम मला रोज कळायचा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात रस्त्याचं काम निघालं आणि त्या उतारावरचं डांबर उखडून नुसती खडी उरली. एका सकाळी सर्जेरावांनी नेहमीच्या जागी ब्रेक दाबला आणि मी थांबले ती थेट पुलाच्या काठावर. पुढचं एक चाक अर्धं रस्त्यावर, अर्धं बाहेर. नंदाबाई सर्वांत आधी खाली उतरली आणि बाकीच्यांना हात देऊन उतरवू लागली. सर्जेरावांनी त्याच दिवशी ब्रेक नवे टाकले. पाटे तसेच राहिले. हंगाम संपायला आठच दिवस होते.

पुढच्या सकाळी उताराच्या माथ्यावर ज्योत्स्ना म्हणाली, "मामा, थांबवा. इथून पुलापर्यंत आम्ही समद्या चालत येतो. तुम्ही रिकामी गाडी घेऊन चला."

"उशीर होऊन राह्यला ना," कुणीतरी मागून कुरकुरलं.

"होऊ दे उशीर. उतरा."

एकोणीसच्या एकोणीस उतरल्या. सर्जेराव हसले. "बरं बाई. आज मी अन् माझी गाडी."

माझ्या अंगावरून जवळजवळ हजार किलो उतरले. इतकं हलकं मला कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं, आणि तेव्हाच मला समजलं की हे ठीक नाही. ते जाड पाटे रिकाम्या अंगाने वाकतच नव्हते. खडीच्या एकेका दगडावर माझं मागचं चाक उडत होतं, अर्धा वेळ ते जमिनीला लागतच नव्हतं. आणि सर्जेरावांचा पाय? तो अजून एकोणीस बायकांच्या ओझ्याचाच होता. नेहमीच्या जागी त्यांनी पाठ रेटली, गुडघा ताठ केला आणि नव्या ब्रेकवर सगळा जोर टाकला. चाकं जागच्या जागी बांधली गेली. माझं मागचं अंग फरफटत पुढे आलं आणि मी आडवी होऊन पुलावरून खाली गेले. सर्जेराव शेवटी काही बोलले असतील तर ते माझ्या पत्र्याच्या आवाजात बुडून गेलं.

सगळ्यांच्या आधी ज्योत्स्ना धावत आली. चप्पल रस्त्यातच सुटली होती.

पुढे आरटीओचे साहेब लोक येऊन मला तपासून गेले. ब्रेक चांगल्या स्थितीत, असं लिहून गेले, आणि ते खरंच होतं. पाटे जास्तीचे आहेत हे त्यांनी मोजलं नाही. नंतर राजानंदच्या तोंडून मला कळलं की पाचव्या दिवशी सर्जेरावांच्या पत्नी, कांताबाई, भरल्या घरात रडताना बोलून गेल्या, "समद्या बसलेल्या असत्या तर हळू चालवली असती त्येंनी." त्या माउलीला कुणाला टोचायचं नव्हतं. पण ज्योत्स्नाने ते वाक्य पदरात बांधून घेतलं. तपासणी संपल्यावर मला न्यायला राजानंद आला, तेव्हा सोबत ती होती. माझ्या दाराला कपाळ टेकून ती हळूच म्हणाली, "मामा, म्या समद्यांना उतरवायला नको होतं."

पोरी, तू उतरवलं नसतंस तर काय झालं असतं, ते मी आदल्या सकाळी त्या काठावर पाहिलंय. आज नाही तर उद्या, हंगाम संपायच्या आत मी वीस जणांना घेऊन खाली गेले असते. त्या एकोणीस जणी आज घरी भाकरी थापताहेत त्या तुझ्या एका शब्दामुळे. तुझ्या मामांना त्या सकाळच्या रिकामेपणाने मारलं नाही. तीन महिन्यांच्या ओझ्याने त्यांचा पाय आणि माझे पाटे बिघडवले होते. मीच त्यात होते, माझ्याशिवाय हे कोण सांगणार?

हे तिला कळत नाही, म्हणून मला इतका घोर लागलाय. मला काट्यावर नेऊन सासऱ्यालाही आकडा दाखवणारी हीच. आता रस्त्यावर भरलेली जीप दिसली की मान फिरवते. वजन या शब्दाचीच तिला धास्ती बसलीय.

आज मला बघायला आष्टीकडचा मिथुन आलाय. पोरगा वाईट नाही. त्याने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून टॉर्च लावला आणि पाट्यांवर थाप मारली.

"ताई, पाटे लई दणकट हायेत. आमच्याकडं कापूस वेचायला वीस-बावीस बाया न्याव्या लागत्यात रोज. गाडीत काही खोट असंल तर आत्ताच सांगा."

ज्योत्स्नाने वाकून पाट्यांकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलेल.

"न्हाई," ती म्हणाली. "बिरेक चांगले हायेत. तसं लिहून दिलंय साहेबांनी."

मिथुनने तिथेच फोन लावला. "परवा सकाळी समद्यांना फाट्यावर उभं राहायला सांग. कुणाला माघारी धाडू नको. गाडी बघितली मी, बिलकुल दबत न्हाई."

कागद माझ्या बोनेटवर पसरलाय. पेन ज्योत्स्नाच्या हातात आहे. ज्योत्स्ना, तुझंच खरं होतं. सही अजून झालेली नाही. त्याला पाट्यांचं सांग, पोरी.