जोडीचा आकडा

तिने मोडक्या क्राऊनच्या, मागच्या ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, पहिल्या दातावर खडूने रेघ मारली आणि अंगठ्याने एकेक दात मागे सारत मोजायला सुरुवात केली. सहा दात जागेवर नव्हतेच, नुसती खुंटं उरली होती. तीही तिने मोजली.

"एक्केचाळीस," ती म्हणाली. मग त्याला फिरवणारा मुठीएवढा पिनियन हातात घेतला. "आणि हे दहा. ओझ्याची पिकअप, चढावाची."

"मला माहीत नाही होय?" मोठे दीर स्टुलावर पाय पसरून बसले होते. "तीस वर्षं गॅरेज चालवतोय मी. जुने गिअर विकणारी तू, मला दात शिकवतेस?"

"शिकवत नाही, दादा. मोजतेय. मॉडेल बंद होऊन जमाना झाला, ॲक्सलच्या हाउसिंगवरची माहितीची पट्टी गंजून गेलीय. एकोणचाळीस-अकराची जोडी बसेलही, पण खडी भरून खाणीचा चढ चढताना गाडी गुडघे टेकेल."

"मग एक्केचाळीस-दहाची दे. उद्या सकाळी गाडी खाणीवर लागली नाही तर दुसऱ्याची लागेल. तुझ्याशिवाय कुणाकडे ही जोडी नाही, म्हणून आलो. नाहीतर तुझ्या दारात कोण येतंय?"

तिने हे गिळलं. अकरा वर्षांत बरंच गिळलं होतं.

"मागचं ॲक्सल आधी कुणी उघडलं होतं?"

"कुणाची छाती आहे? माझ्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही त्याला. लावू दिला असता तर भेटला असता एखादा तुझ्या नवऱ्यासारखा!" ते स्वतःच्याच बोलण्यावर पोट हलवून हसले.

पडद्याआड शिलाई मशीन खडखडत होतं. नवरा दुकानाकडे पाठ करून गाड्यांची सीटकव्हरं शिवत होता. ज्याच्या हाताला आख्ख्या बाजारात तोड नव्हती, त्याने अकरा वर्षांत पान्याला बोट लावलं नव्हतं.

भावांचं गॅरेज एक होतं तेव्हा गिऱ्हाइकांशी गोड बोलायला थोरला आणि गिअरच्या कामाला धाकटा, तिचा नवरा. थोरल्याच्या पिकअपसारख्याच एका गाडीची नवी जोडी आली. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होतात, म्हणून दोन्हींवर एकच आकडा कोरलेला असतो. दात सारखे असले म्हणून काय झालं, दुसऱ्याची जोडी लागत नाही. धाकट्याने संध्याकाळी आकडे पाहिले आणि सकाळी उठून जोडी बसवली, पुन्हा न पाहता. महिन्याभरात उतारावर ॲक्सल अडकलं, गाडी उलटली आणि ड्रायव्हरचा पाय गुडघ्यापासून गेला. पिनियनवर एक आकडा निघाला, क्राऊनवर दुसराच. थोरल्याने भर रस्त्यात दोन्ही नाचवून विचारलं होतं, "डोळे आहेत की बटणं?" धाकटा मान खाली घालून घरी आला, तो परत गॅरेजला गेलाच नाही. झोपेत मात्र आकडा पुटपुटायचा. रोज तोच.

आणि थोरल्याची पिकअप त्याच सुमारापासून कण्हायला लागली. गल्लीच्या तोंडाशी आली की लोक म्हणायचे, आली रडूबाई. दुकानात बसलेली तीही फिदीफिदी हसायची. एवढा मोठा मिस्त्री, आणि स्वतःची गाडी रडते! त्यापुढे तिचं डोकं कधी चाललं नव्हतं.

तिने रॉकेलच्या फडक्याने क्राऊनची कड पुसली. काळं वंगण निघालं आणि आकडा वर आला. फडकं तिथेच थांबलं.

तिला वाटलं, हाच क्राऊन उचलावा आणि या पसरलेल्या गुडघ्यावर घालावा. गुडघ्याला गुडघा. तिने तो टेबलावर अलगद ठेवला, आकडा दिराकडे करून.

"दादा, मला बारीक दिसत नाही. जरा वाचा. मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही हं, मोठ्याने."

"तीनशे अठरा," दीर ओरडून म्हणाले.

मशीन थांबलं.

"आणि पिनियनवर?"

दिरांनी पिनियन फिरवला. पाय जवळ घेतले. "दोनशे..." त्यांचा आवाज खाली आला. "पुसट आहे."

"पुसट नाही. दोनशे पंच्याहत्तर आहे. तुमच्या गाडीचा पिनियन तुमचाच आहे. क्राऊन कुणाचा?"

"जुनी गोष्ट आहे गं. माझ्या क्राऊनचे दात जरा झिजले होते, तो नवा समोर पडला होता. रात्री उचलला, माझा घासूनपुसून त्याच्या जागी ठेवला. दात तेवढेच. मला काय ठाऊक असं..."

"ठाऊक नव्हतं? तीस वर्षं गॅरेज चालवताय ना?"

पडदा सरला. नवरा बाहेर आला. गळ्यात मापाची टेप तशीच होती. त्याने क्राऊन उचलला, आकड्यावरून बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. भावाकडे पाहिलं नाही.

"पक्कड," तो म्हणाला.

तिने दिली. मांडणीवर एक्केचाळीस-दहाच्या पाच जोड्या होत्या, तारेने बांधलेल्या. भंगाराच्या ढिगांतून एकेकीला शोधून तिने त्या जुळवल्या होत्या. त्याने पाचही तारा तोडल्या, क्राऊन एका गोणपाटावर ओतले, पिनियन दुसऱ्यावर. तिचा हात पुढे होता होता मागे आला.

"दादा, तू लाव जोडी," तो म्हणाला. "तुला येते लावता."

दीर आधी हसले. मग कुणीच हसत नाही म्हणून खाली बसले. आकडे निम्मे झिजलेले, तीन की आठ तेही कळेना. त्यांनी एक पिनियन लावला, फिरवला, ठेवला. दुसरा घेतला. कपाळाचा घाम नाकावरून क्राऊनवर टपकला. दुपार टळत आली तरी ते गोणपाटावरच होते. अखेर एक क्राऊन आणि एक पिनियन छातीशी धरून उठले.

"हीच ना रे?"

तिने नजर टाकली. दाताची झीज दाताला बरोबर भेटत होती. जोडी अचूक होती. नवऱ्यालाही दिसलं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"वहीत एक जोडी मांडते," ती म्हणाली. "परत घेतली जाणार नाही."

"अगं, हीच का ते सांग! खाणीचा उतार केवढा आहे माहीत आहे ना? ड्रायव्हर नाही माझ्याकडे, मी स्वतः चालवतो." ते भावाकडे वळले. "अरे, नुसती मान हलव."

नवरा गोणपाटासमोर मांडी घालून बसला. उरलेल्यांतला एक क्राऊन त्याने मांडीवर घेतला, एक पिनियन त्याला लावला आणि कान जवळ नेऊन सावकाश फिरवला. ती समोर बसली. दीर उंबऱ्यातच उभे होते, दोन्ही हातांत लोखंड धरून.

"ही बरोबर," नवरा मांडीवरच्या जोडीकडे बघत तिला म्हणाला. "तार दे."