मी मृत घोषित केलेली डिस्क

न्यूझीलंडच्या दक्षिणेला, इन्व्हरकारगिल शहराच्याही पुढे, समुद्राच्या टोकाला आमचं गाव. तिथल्या छोट्या रेडिओ केंद्राचे कॉम्प्युटर माझ्याकडे होते, कारण ते काम दुसऱ्या कुणी मागितलंच नव्हतं. टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर मी लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीवरचं एक जाड पुस्तक वाचलं आणि गावाने मला तज्ज्ञ मानलं. मीही फारसा विरोध केला नाही.

दोन हजार सात सालच्या मे महिन्यातला शनिवार. कालवं काढणाऱ्या बोटींसाठीचं हवामान नऊला संपलं, पुढे तासभर गाणी होती. मी म्हटलं, तेवढ्यात नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टाकून मशीन एकदा बंद-चालू करू. पाच मिनिटांचं काम, गाणी तेवढीच थांबतील.

मशीन चालू झालं आणि अर्ध्यात थांबलं. पडद्यावर एकच ओळ होती : 'एचडीए१' ही डिस्क सापडत नाही.

केंद्र चालवणारी हुइया दारात आली. "लिंडसे, बाहेर काहीच ऐकू येत नाहीये."

"पाच मिनिटं."

"हे तू वीस मिनिटांपूर्वी म्हणालास."

मी पेटी उघडली. दोन डिस्क होत्या. पहिलीवर सगळी यंत्रणा, दुसरीवर चौदा वर्षांची ध्वनिमुद्रणं. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचे आवाज त्यात होते, हुइयाच्या वडिलांचाही. त्यांची दुसरी प्रत काढायचं माझ्या कामांच्या यादीत होतं. ती यादीही त्याच डिस्कवर होती.

मी केबली काढल्या, पुसल्या, उलटसुलट लावल्या. फरक पडला नाही. मग मी गंभीर चेहरा करून हुइयाला सांगितलं, "पहिली डिस्क मेली." डॉक्टर सांगतात तसं. ती स्टुडिओत गेली आणि जुना माइक थेट प्रक्षेपकाला जोडता येतो का ते पाहू लागली.

मी घरी जाऊन तिथल्या कॉम्प्युटरमधली जुनी डिस्क काढून आणली, तिसऱ्या जागी जोडली आणि सीडीवरून सगळं नव्याने बसवायला घेतलं. पडद्याने विचारलं, कोणती डिस्क पुसू? यादीत 'एसडीए', 'एसडीबी', 'एसडीसी'. ही नावं माझ्या ओळखीची नव्हती. नाव नवं म्हणजे डिस्क नवी, असा मी हिशेब केला आणि पहिली निवडून एंटरवर बोट ठेवलं.

तेवढ्यात आंटी वॅल चीज रोलचं ताट घेऊन आल्या. त्या आमच्या केंद्रावर दर बुधवारी विणकामाचा कार्यक्रम करतात. त्याआधी एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या.

"किती डिस्क लावल्यास रे?"

"तीन. पण एक मेलीये."

"मग इथं तीन ओळी कशा?"

मी पडद्याकडे पाहिलं. मग ताटाकडे पाहिलं, कारण आंटींकडे पाहवेना.

"मेलेलं माणूस हजेरी देतं का?" त्या म्हणाल्या. "नवं एक्स्चेंज आलं तेव्हा अख्ख्या गावाचे नंबर बदलले. लोक मात्र आपापल्या घरातच होते. तू बाकीचं वाचलंस का, की नुसतं नाव?"

नावापुढे आकारही होता. पहिल्या ओळीत एकशेवीस जीबी, तिघींत सर्वांत मोठी. म्हणजे ध्वनिमुद्रणांची डिस्क. माझ्या केबलींच्या उलथापालथीने तीच पहिली झाली होती आणि मी तिच्यावर बोट ठेवून बसलो होतो. मी बोट काढलं. त्याच हाताने एक चीज रोल उचलला.

नव्या कर्नलने डिस्कना हाक मारायची पद्धत बदलली होती, एवढंच. 'एचडीए'ची 'एसडीए' झाली होती, आणि मी स्वतःच्या हाताने जुनं नाव जागोजागी लिहून ठेवलं होतं. माझ्या जाड पुस्तकात हे नव्हतं. पुस्तक सहा वर्षांपूर्वीचं होतं. घरची डिस्क काढली, केबली पूर्ववत केल्या, सुरुवातीच्या ओळीत नवं नाव टाइप केलं आणि मशीन निमूटपणे उठलं. मग दोन्ही डिस्कना कायमचं एकेक नाव दिलं, यंत्रणेच्या डिस्कला 'घर' आणि ध्वनिमुद्रणांच्या डिस्कला 'आवाज', आणि यापुढे त्याच नावाने शोध, असं मशीनला लिहून दिलं.

बाराच्या सुमाराला गाणी सुरू झाली. हुइयाने मला माइकसमोर बसवलं. "का बंद होतं ते सांग."

"तांत्रिक कारणामुळे—"

"नीट सांग, लिंडसे."

मग मी नीट सांगितलं. चुकीच्या डिस्कवरच्या बोटासकट. हुइया काचेपलीकडे उभी होती. वडिलांचा आवाज पुसला जाता जाता राहिला, हे ऐकल्यावर ती खाली बसली.

त्या तीन तासांत केंद्राला चार फोन आले होते. त्यातले दोन राँग नंबर. एका बाईंनी विचारलं होतं, शांत वाटतंय, रोज असंच ठेवणार का. चौथा माझ्या बायकोचा होता. घरातली डिस्क कुणी नेली म्हणून.