दोन्ही टोकांनी जळणारी मेणबत्ती

मित्रांनो, मी जन्मापासून फळा नव्हतो. आधी मी एका मशीनच्या खोक्याचं झाकण होतो. पावर हाउस नावाच्या भागातल्या बाजारात बेबीताईंनी मला पारखलं, काळा रंग दिला आणि भिलाईतल्या आपल्या ओसरीत टांगलं. शाळेतून निवृत्त झाल्या, तरी शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नव्हतं. आता माझा रंग उडालाय, एक कोपरा फुगलाय. तरी दुपारी गल्लीतली मुलं माझ्यासमोरच बसतात.

आमच्या गल्लीत बहुतेक घरं विदर्भातून पोलाद कारखान्यात आलेल्यांची. इथला एक रिवाज आहे. रात्रपाळीचा माणूस घरी येऊन झोपला, की फाटकावर लाल गमछा बांधायचा. तो दिसला की क्रिकेट बंद, सायकलची घंटीसुद्धा बंद. म्हणून बेबीताई इंग्रजीही जवळजवळ न बोलताच शिकवत. पोटात शेंगा भरलेला, उड्या मारणारा मुलगा काढून खाली लिहीत, ‘फुल ऑफ बीन्स’. म्हणजे अंगात मावेना इतका उत्साह. चढावर वाफ संपून थांबलेलं इंजिन म्हणजे ‘आउट ऑफ स्टीम’, पार दमलेला माणूस. मुलं त्याचा अभिनय करत. आवाज न करता किती हसता येतं, ते मी या ओसरीत पाहिलं.

त्यांत मोनाली सगळ्यांत हुशार. शाळेच्या कार्यक्रमात तिला याच गमतीदार म्हणी सादर करायच्या होत्या. तिचे बाबा केवलराव कारखान्यात क्रेन चालवतात. वितळलेल्या लोखंडाची भांडी उचलायची, खाली माणसं वावरत असतात. रात्रपाळी संपवून ते झोपायला न जाता थेट शाळेत गेले.

दुपारी मोनाली परतली ती पाय आपटत. मागे शुभम होता.

“तुझे बाबा तं खुर्चीवर घोरून राहिले होते,” तो म्हणाला. “सर म्हणे, पंखा बिघडला का?”

केवलराव एव्हाना शेजारच्या आपल्या घरी येऊन झोपले होते. आईनं नुकताच बांधलेला गमछा मोनालीनं फाटकावरून ओढून काढला आणि आमच्या ओसरीत फेकला. झालं, गल्लीला मोकळीक मिळाली. बघता बघता बॅट आली, चेंडू पत्र्यावर आदळू लागला.

“गमछा कावून काढला वं?” बेबीताईंनी विचारलं.

“झोपाचंच होतं तं आलेच कावून? माझं एक वाक्य नाही ऐकलं त्याइनं.”

बेबीताई रागावल्या नाहीत. त्यांनी खडू उचलला आणि माझ्या फुगलेल्या कोपऱ्यात एक आडवी मेणबत्ती काढली, दोन्ही टोकांना पेटलेली. “ही म्हण आपली राहूनच गेली. ‘बर्निंग द कँडल ॲट बोथ एन्ड्स’. रात्रीही जळाचं अन् दिवसाही. सांग, हे टोक कोणतं?”

“बाबाची ड्युटी.”

“अन् हे दुसरं?”

मोनालीनं त्या दुसऱ्या ज्योतीवर बोट ठेवलं. मग हलकेच म्हणाली, “मी.”

“आज रात्री पुन्हा क्रेनवर बसाचं आहे त्याले,” बेबीताई म्हणाल्या.

तिनं गमछा उचलला, झटकला आणि धावत जाऊन फाटकावर घट्ट बांधला. बॅट खाली आली. गल्ली पुन्हा शांत झाली.

संध्याकाळी केवलराव डोळे चोळत ओसरीत आले. “पोरी, मले माफ कर. सुरुवात तेवढी पाहिली म्या.”

“बसा,” मोनालीनं स्टूल पुढे सरकवलं. मग माझ्यासमोर उभं राहून तिनं अख्खा कार्यक्रम पुन्हा केला. मेणबत्तीची म्हण तिनं नव्यानं जोडली होती. शाळेत खुर्चीवर पेंगले तसे केवलराव इथे एकदाही पेंगले नाहीत.

“मंग आता मी कोणता?” त्यांनी विचारलं.

“झोप झाली न? फुल ऑफ बीन्स.”

“बीन्स म्हणजे?”

“वालाच्या शेंगा.”

“त्या तं मले आवडतच नाही,” ते म्हणाले आणि दोघं हसली.

मित्रांनो, या माणसांचा मला फार अभिमान वाटतो. कोरड्या फडक्यानं मुलं मला रोज पुसतात, तेवढी काळजी मला पुरे. फुगलेल्या कोपऱ्यातली मेणबत्ती मात्र ती अजून पुसत नाहीत. आणि कधी आमच्या गल्लीत आलात, फाटकावर लाल गमछा दिसला, तर चपला हातात घ्या. आत कुणीतरी आपल्यासाठी जळून आलेलं असतं.