पूरबांधातली गंगा

"सरका मागं! मैया येतीया! पायतानं लांब काढा!"

वळणवाडीच्या पूरबांधाखाली त्या दिवशी जी गर्दी उसळली होती, तेवढी आमच्या यात्रेलासुद्धा होत नाही. हातात तांबे, कळशा, कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या. मधोमध चार काळ्या दगडांच्या आत परातीएवढा खळगा, आणि त्याच्यापुढे भगव्या शालीत झरेबाबा. नदी पलीकडे पार तळाला गेलेली, माघ संपत आलेला, जमीन कोरडीठाक. बाबांनी त्रिशूळ आपटला, "हर हर गंगे" म्हणून आरोळी ठोकली, आणि खळग्यातून खरोखरच बुडबुडे आले. मग पाणी आलं, चांगलं बोटभर उसळून आलं. बायका रडायला लागल्या. आमच्या सरपंचांनी, नानासोंनी, पांढऱ्या कपड्यांची पर्वा न करता चिखलात लोटांगण घातलं.

"काशी में मैया बोली, बाबा, मेरे को वळणवाडी जाने का है!" बाबा घोगऱ्या आवाजात सांगत होते. "मैं बोला, मैया, उधर तो कृष्णा हाय. बोली, उसी को भेटने का हाय, वो मेरी भैन हाय!"

बाबांचं हिंदी ऐकून मला वाटलं, काशी यांनी कॅलेंडरावरच पाहिली असणार.

"जो पियेगा उसका ताप जायेगा. जो नहायेगा उसका लकवा जायेगा. और जब तक मैया इधर हाय, कृष्णा का पूर बांध के अंदर पाँव नहीं रखेगा! ये मैया का वचन हाय!"

लकवा म्हटल्याबरोबर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या अंजनाकाकी पुढे घुसल्या. त्यांचे मालक नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि तीन वर्षांपासून डाव्या अंगानं लुळे पडलेले. त्यांचं घर बांधाच्या अगदी पायथ्याला, झऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. काकींनी कळशी भरून घेतली आणि पदरात झाकून घरी नेली. त्या दिवसापासून नाथाजींची अंघोळ गंगेनंच व्हायला लागली.

मी संयोगिता. माहेर औंधचं, सासर इथलं. गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते, आणि तोंडाची जरा फटकळ आहे असं गावात सगळेच म्हणतात. म्हणू देत.

आता बांधाचं सांगते, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे. एकोणीसच्या महापुरात आमचं गाव छपरापर्यंत बुडालं. त्यानंतर थोडे सरकारचे आणि थोडे उसाच्या बिलातून टनामागे कापलेले, असे पैसे घालून हा मातीचा बांध उभा राहिला. पण मातीचा बांध एकदा बांधला की झालं, असं नसतं. त्याला दर उन्हाळ्यात माणूस लागतं. उंदरा-खेकड्यांची बिळं बुजवायची, वेडी बाभूळ मुळासकट उपटायची, खचलं तिथं मुरूम टाकून रोलर फिरवायचा. त्यासाठी टनामागची वर्गणी दरवर्षी बाजूला पडायची. आणि गावाचे दोन कडक नियम होते: बांधाला कुणी कुदळ लावायची नाही, आणि मोटारीचा पाईप बांधाच्या पोटातून न्यायचा नाही, वरूनच न्यायचा.

यंदाच्या ग्रामसभेत नानासो उठले. "बांधाला यंदा काय बी करायची गरज न्हाई. मैयानं वचन दिलंय. त्या पैशात आपन कुंड बांधू, फरशी घालू, बायास्नी कपडे बदलायला खोल्या काढू."

"आणि बांधाची बिळं कोण बुजवणार, मैया?" मी विचारलं.

"बाई, तुमी शाळंत पोरास्नी शिकवा. गावाला नगा शिकवू."

सभा खदखदून हसली. हात वर झाले आणि बांधाचे पैसे कुंडाला गेले. उंब्रजपासून लोक गाड्या करून यायला लागले. नारळ, चहा, पार्किंग, सगळी दुकानं नानासोंच्या भावकीची. बाबांची झोपडी दिवाळीपासून बांधाला चिकटूनच उभी होती. तिच्या जागी आता पत्र्याचा मठ झाला.

मला खटकलं ते मठाच्या फळ्यावरचं. 'या आठवड्यात गंगा दिवसा.' पुढच्या सोमवारी, 'या आठवड्यात गंगा रात्री.' पुन्हा दिवसा. आमच्या घरात अशीच पाळी चालते. मालक, म्हणजे विश्वजीत, शेतीची लाईट दिवसाची असली की दुपारी जेवायला येत नाहीत, आणि रात्रीची असली की टॉर्च घेऊन उसाला पाणी पाजायला जातात. मी फळा पाहिला, घरी आले आणि त्यांना म्हटलं, "आवं, तुमची आणि गंगेची ड्यूटी एकच आहे की!"

ते आधी हसले. मग हसायचे थांबले. "नानासोंची मोटर झऱ्यामागंच, नदीच्या वळणावर हाय," ते म्हणाले.

मी गावात सांगून पाहिलं. लोक म्हणाले, योगायोग. बरं बाई, योगायोग तर योगायोग!

मग वैशाखात वळवाचा तडाखा आला आणि शिवारातल्या मोटारींना लाईट देणारा वळणावरचा डीपी जळाला. शिवारातल्या मोटारी गप्प झाल्या आणि गंगाही गप्प झाली. बाहेरगावची माणसं कोरडे तांबे घेऊन बसून राहिली. बाबांनी डोळे वटारले. "कोई शंकेखोर हाय! मैया रुसली हाय!" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

नवा डीपी बसवायला वायरमन आले, त्या दिवशी मुद्दाम सगळं गाव जमेल असं मी पाहिलं. कुंडाच्या काठावर उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "नीट ऐका. आत्ता लाईट सोडतील. शिवारातल्या मोटारी सुरू होतील. आणि मग ही तुमची गंगा येईल. बाबांनी मंत्र म्हणू नये, त्रिशूळ आपटू नये. बघा, येते की नाही!"

पलीकडे मोटारी घुरघुरल्या. खळग्यात बुडबुडे आले. पाणी उसळलं.

मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात बाबांनी दोन्ही हात वर केले. "देखा! मास्टरीण ने बुलाया, मैया आयी! ये भी मैया की बेटी हाय! बोलो गंगा मैया की जय!"

आणि काय सांगू, जयजयकार झाला! कुणी माझ्या कपाळाला मळवट भरला, कुणी ओटी भरली. अंजनाकाकी माझ्या पाया पडल्या. "बाई, तुमच्या हाकंला आली वं मैया! माझ्या मालकासाठी मागा की तिच्याकडं कायतरी!"

"काकी, उठा आधी. खाली पाईप आहे. खणा इथं, आत्ता दाखवते."

"खबरदार!" नानासो गरजले. "बांधाला कुदळ लावायची न्हाई, गावाचा नियम हाय!" ज्या माणसानं बांधाचे पैसे खाल्ले तो मला बांधाचा नियम सांगत होता. संताप संताप झाला. तहसिलात अर्ज दिला. पाहणी करू म्हणाले. पाहणीला कुणी आलं नाही.

आषाढात पाऊस कोसळायला लागला तो थांबेचना. वरच्या धरणांतून पाणी सोडणार म्हणून दवंडी फिरली. बांधाखालच्या घरांनी शाळेत यावं, अशी सूचना निघाली. निम्मे लोक हलले नाहीत, मैयाचं वचन होतं ना! झरेबाबा मात्र तपश्चर्येला हिमालयात गेले होते, ऐन पावसाच्या तोंडावर. आणि नानासोंच्या म्हशी टेंपोतून मेढ्याकडं पाहुण्यांच्या गावी चढल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि विश्वजीत अंजनाकाकींकडं गेलो. लाईट आदल्या दिवसापासून सगळ्या पट्ट्यातच बंद होती. बांधापलीकडं नदी वर चढून आली होती, पण बांध अजून हातभर वर होता.

"काकी, चला. बाजेवरून नेतो त्यांना."

"न्हाई बाई. आज बोटं हालली त्यांची. डाव्या हाताची! आता मधीच अंघोळ मोडली तर सगळं पान्यात जाईल."

नाथाजी बाजेवरून माझ्याकडं पाहत होते. जीभ जड होती त्यांची, तरी म्हणाले, "बाई, जाऊया. हिला सांगा." काकींनी ऐकलं नाही, की ऐकून घेतलंच नाही.

"आवं, लाईटच नाही, गंगा येणार कुठून?" मी म्हणाले.

काकींचा चेहरा फुलला. माझा हात धरून त्यांनी मला दारात नेलं. "बघा तर! लाईट न्हाई, मोटारी न्हाईत, बाबा बी न्हाईत. तरी मैया आलीया! आता तरी पटलं का?"

कुंड भरून वाहत होतं. मांडीएवढा झोत येत होता. आणि पाणी गढूळ होतं, चहासारखं, बांधाच्या लाल मातीनं भरलेलं.

मोटर बंद असताना ते पाणी कुठून येतंय ते मला लख्ख कळलं. "विश्वजीत, बाज उचला! बांध आतनं पोखरलाय!"

आम्ही दोघांनी बाज उचलली. काकी अजून कळशी शोधत होत्या. तीस-चाळीस पावलं गेलो असू. मागे धप्प आवाज झाला. पाहिलं तर कुंड, पत्र्याचा मठ आणि त्यांच्यामागचा बांध एकदम खाली बसला, आणि त्या खिंडारातून कृष्णा आत आली. मला विश्वजीतनी केसाला धरून लिंबावर ओढलं. काकी छपराच्या वाशाला अडकल्या म्हणून वाचल्या. बाज आमच्या हातातून गेली. नाथाजी बाजेला धरू शकत नव्हते, एकच हात चालत होता.

पाणी ओसरल्यावर ते उसात सापडले.

खिंडारात एका बाजूला काळा पाईप लोंबत होता. एक टोक नानासोंच्या मोटारीकडं गेलेलं, दुसरं कुंडाच्या दगडांखाली. दिवाळीत झोपडीच्या आडोशानं बांधाच्या पोटात चर खणून तो पुरला होता, आणि वर माती नुसती लोटली होती, धुम्मसानं ठोकून घट्ट केलीच नव्हती. मोटर चालली की पाईपातून गंगा यायची. पुराच्या दाबानं पाणी पाईपाच्या बाहेरून, त्या भुसभुशीत मातीतून वाट काढायला लागलं. आत गेलेलं पाणी माती घेऊन बाहेर पडत होतं आणि भोक मोठं होत होतं. चमत्काराची कथा एवढीच आहे. नानासोंवर गुन्हा दाखल झाला आहे, ते जामिनावर आहेत. बाबा अजून सापडलेले नाहीत.

आणि तरीही परवाच्या ग्रामसभेत एक जण उठून म्हणाला, "बाईंनी शंका घेतली, म्हनून मैया कोपली." दोन-चार माना हलल्यासुद्धा! मी बोलायला उठणार, तोच मागून अंजनाकाकी उभ्या राहिल्या. सभेत त्या आयुष्यात कधी बोलल्या नव्हत्या.

"कोन कोपलं न्हाई. पाईप हुता. मी बघितला, हातानं धरून बघितला. माझा मानूस जाऊया म्हनत हुता आन् मी त्याला गंगेच्या अंघोळीसाठी ठिवून घेतला. मला कुनी देवीबिवीचं सांगू नगा. बांधाला माती कवा टाकताय, तेवढं सांगा."

बांधाच्या वर्गणीचा ठराव पुन्हा मांडला गेला.

वाचणाऱ्यांनो, तुमच्याही गावाला बांध असेल, तलाव असेल, धरण असेल. उद्या त्याच्या पायथ्याला कोरड्या दिवसांत पाणी उगवलं, तर हळदकुंकू घेऊन धावू नका. ते कुठून येतं, कधी येतं, कधी थांबतं, एवढं विचारा. गढूळ यायला लागलं तर विचारत बसू नका, माणसं हलवा. बांधासाठी काढलेला पैसा बांधावरच खर्च होतोय की नाही, हे सभेत उठून विचारा. लोक हसतील. मलाही हसले होते. हसू द्या त्यांना, पण विचारा.