मयताच्या घरी जायची रीत

मलाक्कात पाहुण्यांना जुन्या गल्ल्या दाखवून पोट भरणारे पुष्कळ आहेत, पण गेक निओचा धाक कुणालाच जमला नाही. एकसष्ट वर्षांची मूठभर बाई, आणि तिच्यापुढे सहा-सहा फुटी गोरे शाळकरी पोरांसारखे गप उभे राहत.

"बोट दाखवायचं नाही, अंगठ्यानं दाखवायचं. द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. चपला बाहेर. मोज्याला भोक असलं तरी बाहेरच!"

त्या शनिवारी तिच्यासोबत न्यूझीलंडचं एक जोडपं होतं. गेकनं नेहमीसारखा लाल कबाया, तिकडचा जाळीदार लांब पोलका, घातला होता. पाहुण्यांना फोटोत लाल आवडतं, असं तिला काम देणाऱ्या कंपनीचं म्हणणं. बाबा लोकांच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इथंच मुरलेल्या चिनी घराण्यांच्या, जुन्या गल्लीत ती एका विशिष्ट घराशी आली की मान वळवायची आणि समोरच्या घराच्या फरशीचं कौतुक सुरू करायची. त्या दिवशीही तेच चाललं होतं. तेवढ्यात पाहुणीनं नेमक्या त्या नको असलेल्या घराकडे कॅमेरा वळवला.

"दारावर हे पांढरं काय आहे? किती छान दिसतंय!"

"खाली करा तो!" गेक न बघताच कडाडली. "पांढऱ्या कागदाची फुली म्हणजे घरात मयत. तिथं फोटो नाही, हसणं नाही, आत डोकावणं नाही. आणि अंगावर लाल असेल तर त्या दाराशी उभंसुद्धा राहायचं नाही."

मग तिनं वळून पाहिलं. ते तिच्या माहेरचं दार होतं. आत तिची थोरली बहीण, पोह निओ, मुलीबरोबर राहत होती.

या दोघींचं बिनसलं ते गेकच्या मुलीच्या लग्नात. पोहचा नवरा जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. सुतकातल्या माणसानं शंभर दिवस कुणाच्या घरी जायचं नाही, लग्नघरी तर नाहीच नाही. पण एकुलत्या भाचीचं लग्न, पोहला राहवलं नाही. काळ्या कपड्यांत, हातात दागिन्याची डबी घेऊन ती दाराशी आली. गेकनं चारचौघांत तिला विचारलं, "रीत कळत नाही का तुला?" पोह आल्या पावली परत गेली. त्याला अकरा वर्षं झाली. शहर एवढंसं, तरी दोघी एकमेकींसमोर आल्या नाहीत. गेकला मनातून आपलं चुकलं हे कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, त्यातली गत.

शेजारच्या ओट्यावर म्हातारा सिओक बसला होता.

"पहाटे गेली गं," तो म्हणाला. "तिची पोरगी तुला सकाळपासून फोन करतेय."

फिरवताना फोन बंद ठेवायचा, ही गेकचीच शिस्त.

"बाराला शवपेटी बंद करणार आहेत. आत्ता सव्वाअकरा. जा, तोंड बघून घे."

"लाल कपड्यांत?"

पाहुणीला भाषा कळली नाही, पण प्रसंग कळला. तिनं अंगावरची करडी शाल काढून पुढे केली.

"परक्याचं कापड पांघरून मयताला जात नाहीत," गेक म्हणाली.

"अगं, मेलेल्या माणसाला रंग दिसतात का?" सिओक वैतागला.

"जित्यांना दिसतात ना!"

तिनं पाहुण्यांना सिओकच्या ओट्यावर बसवलं आणि नाक्यावरच्या रोसलीची सायकलरिक्षा धरली. रिक्षा कागदी फुलांनी मढलेली, वर भोंग्यावर लग्नाचं गाणं. "बंद कर ते," एवढंच ती बोलली. रोसलीनं तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं बंद केलं.

घर नदीपलीकडे. कपाटाच्या तळातून तिनं पांढरा कबाया, लुंगीसारखं नेसायचं काळं सारोंग काढलं. अंबाडा सोडला, कानातलं उतरवलं. हातातली सोन्याची बांगडी मात्र काही केल्या निघेना. साबण लावला, तेल लावलं. खालून रोसली ओरडत होता, "बिबिकबाई, राहू दे की! कोण बघतंय हाताकडे?"

"मी बघतेय!" ती ओरडली, आणि रडू आलं. तिला फक्त एकदा तो चेहरा बघायचा होता. त्याच्यासमोर एकदा म्हणायचं होतं की, माझी चूक झाली. मनगट सोलून निघालं तेव्हा कुठे बांगडी सुटली.

परतताना पुलावर शनिवारची गर्दी. रिक्षा हलेना. गेक उतरली आणि एकसष्टाव्या वर्षी पळत सुटली.

उशिरा आलेल्या रक्ताच्या माणसानं उंबऱ्यापासून गुडघ्यांवर रांगत जायचं असतं. दुसरी कुणी असती तर धावत गेली असती. गेक माहेरच्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसली. वर पाहिलं तर सगळं घरदार दाराकडे तोंड करून, पेटीकडे पाठ करून उभं. सगळे तिच्याकडेच बघत होते. तिला वाटलं, बघताहेत, जाब विचारताहेत. मग त्यांच्यामागे हातोड्याचा ठोका पडला, आणि तिला उमगलं. झाकणाला खिळा ठोकताना कुणी बघायचं नसतं.

तिनंही रस्त्याकडे तोंड फिरवलं. चार ठोके तिनं पाठीवर घेतले.

पोहची मुलगी, तिची भाची, शेजारी येऊन बसली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

"मावशी, आईनं सांगून ठेवलं होतं. 'गेक येईल, पण आधी कपडे बदलायला घरी जाईल. घाई करू नका, थांबा तिच्यासाठी.' आम्ही बाराला बंद नाही केलं गं. वीस मिनिटं थांबलो. मग पुजारी ऐकेनात."

गेकनं सोललेलं मनगट दुसऱ्या हातानं झाकलं आणि विचारलं, "आत्ता किती वाजले?"

बारा वाजून एकवीस मिनिटं झाली होती. भाचीनं ते काही तिला सांगितलं नाही.