दुबार नोंद

नोकरीच्या चौतीस वर्षांत भाऊसाहेबांनी इतक्या लोकांचे अर्ज परत पाठवले होते, की स्वतःचा अर्ज भरताना त्यांना आपण आपल्याच खिडकीसमोर रांगेत उभे आहोत असं वाटत होतं. नोंदणी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि आता लेकीकडे परदेशात सहा महिने राहायला जायचं म्हणून पर्यटक व्हिसाचा अकरा पानी फॉर्म जेवणाच्या टेबलावर पसरला होता. फॉर्म त्यांना मनापासून आवडला. पाचव्या पानावर विचारलेलंच नवव्या पानावर पुन्हा, जरा संशयाने विचारणारा फॉर्म ज्याने कुणी केला असेल, तो माणूस त्यांना आपला वाटला.

"घातपाताच्या कृत्यात कधी भाग घेतला आहे का, असं विचारलंय. काय लिहू?"

"कचेरीतली वर्षं त्यात धरतात का, ते बघा आधी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

फोटोत दोन्ही कान दिसावेत आणि चेहऱ्यावर हसू नसावं, अशी अट होती. दुसऱ्या अटीसाठी त्यांना वेगळी तयारी करावी लागली नाही.

सातव्या पानावर मात्र पेन जरा थबकलं. 'यापूर्वी या देशात प्रवेश केला आहे का?' त्यांनी 'नाही' लिहिलं. ठळक, सुवाच्य, खाडाखोड न करता. लेक जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि दर वर्षी ते 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत आले होते. पाच वर्षांपूर्वी तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन ठरलं, तेव्हा फोनवर तिने एकदाच विचारलं होतं, "बाबा, याल?" बायकोकडे तेव्हा पासपोर्टही नव्हता, म्हणजे जायचं ते त्यांनीच. त्यांनी फॉर्म आणला, भरला, सही केली. बायकोने आठ दिवसांत किरमिजी स्वेटर विणून दिला. आणि मग कचेरीची तपासणी जाहीर झाली. भरलेला फॉर्म टेबलाच्या खणात राहिला, स्वेटर कपाटात. बायकोने विणणं सोडलं. लेकीने पुन्हा कधी विचारलं नाही, आणि नेमकं तेच त्यांना पाच वर्षं टोचत होतं. तिच्यासमोर बसून, तोंडावर, 'चुकलं माझं' एवढं म्हणायचं होतं. असलं वाक्य फोनवर बोलायची त्यांना सवय नव्हती. तसं पाहिलं तर समोरासमोरही नव्हती.

व्हिसा केंद्रातली मुलगी हसतमुख होती. बायकोचे कागद तिने चटकन उरकले. मग भाऊसाहेबांनी काचेवर बोटं ठेवली, यंत्र हिरवं झालं, आणि तिने पडद्याकडे नीट पाहिलं.

"काका, तुम्ही आधी गेलेले आहात."

"कुणी सांगितलं? मी कुठेही गेलो नाही."

"गेल्याची नोंद आहे. परत आल्याची नाही."

तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. प्रवेशाची तारीख पाच वर्षांपूर्वीची, ऑपरेशनच्या दोन दिवस आधीची. दहाही बोटांचे ठसे जुळलेले. खाली फोटो, दोन्ही कान दिसणारा, न हसणारा. अंगात किरमिजी स्वेटर.

"त्या दिवशी मी कचेरीत होतो. हजेरीपटावर सही आहे माझी."

"असेल हो काका. पण आमच्याकडे जे आहे, ते हे आहे," ती अगदी आदराने म्हणाली. हेच वाक्य भाऊसाहेबांनी चौतीस वर्षं लोकांना ऐकवलं होतं, इतक्या आदराने नव्हे. "लेखी अर्ज द्या. वरून निर्णय होईल."

घरी आल्यावर बायकोने कपाट उघडलं. स्वेटर नव्हता. तिने शोधाशोध केली नाही. जिथे असायला हवा होता त्या जागेवरून एकदा हात फिरवला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर भाऊसाहेबांनी, सहज आठवल्यासारखं, विचारलं, "बाळ, तुझ्या ऑपरेशनच्या वेळी तुझ्याजवळ कोण होतं गं?"

ती हसली. "परीक्षा घेताय का, बाबा? उशाशी बसून पंधरा दिवस पेपर वाचून दाखवलात, तोही जाहिरातींसकट. नर्स वैतागली होती."

"आणि मी काही म्हणालो?"

"म्हणालात ना." तिचा आवाज हळू झाला. "पहिल्याच दिवशी. ते राहू दे आता."

भाऊसाहेबांनी शेजारी पाहिलं. बायको पडद्याकडे बघत होती, पण लेकीकडे नव्हे. लेकीच्या मागे, दाराजवळच्या खुंटीकडे. तिथे काहीतरी किरमिजी टांगलेलं होतं. बायकोच्या चेहऱ्यावर जे होतं ते भाऊसाहेबांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज लिहिला. घाबरलेला माणूस आपल्याला जे उत्तम येतं तेच करायला बसतो, तसे ते बसले. तारीखवार मुद्दे, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, समास सोडलेला. शेवटी, हात आपोआप चालावा तसं, आयुष्यभर हजारो प्रकरणं ज्या वाक्याने निकालात काढली ते वाक्य त्यांनी लिहिलं: 'तरी दुबार नोंद रद्द करून मूळ नोंद कायम करावी, ही विनंती.' एकदा वाचून पाहिलं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

बाराव्या दिवशी पाकीट आलं. बायकोच्या पासपोर्टवर व्हिसाचं चकचकीत पान होतं. भाऊसाहेबांचा पासपोर्ट पाकिटात नव्हता. होतं ते दोन ओळींचं पत्र. 'आपल्या विनंतीस अनुसरून दुबार नोंद रद्द करण्यात आली आहे. मूळ नोंद कायम आहे.'

त्यांनी पत्र तीनदा वाचलं. दोन नोंदी एकाच माणसाच्या असल्या तर आधीच्या तारखेची मूळ धरायची, नंतरची दुबार, हा नियम त्यांनी स्वतः कारकुनांच्या तीन पिढ्यांना घोटून घेतला होता. पाच वर्षांपूर्वीची नोंद. आणि गेल्या महिन्यातली, व्हिसा केंद्रातली. उत्तर बिनचूक होतं.

"काहीतरी गफलत झालीय," ते म्हणाले. "मी उद्या जाऊन येतो."

बायको तिकिटाची वेळ वाचत होती. तिने मान वर केली नाही.

निघायच्या दिवशी दुपारी ती एकेक काम शांतपणे उरकत होती. फ्रिज रिकामा करून त्याचं दार उघडं ठेवलं. गॅस बंद केला. एक कप चहा केला आणि उभ्याउभ्याच घेतला. तिच्या एकुलत्या एका बॅगेत भाऊसाहेबांची रक्तदाबाची औषधं होती, वाचायचा चष्मा होता, आणि तळाशी किरमिजी लोकरीचे दोन नवे गुंडे. मग लेकीचा फोन आला.

"हो गं, झालीय सगळी तयारी. बाबांना पाठव विमानतळावर." तिने बॅगेची चेन ओढली. "आणि स्वेटर घाला म्हणावं. पहाटेची थंडी असेल."

फोन ठेवून तिने जुन्या चादरी काढल्या. सहा महिने घर बंद राहायचं, धूळ बसते. सोफ्यावर चादर टाकली. जेवणाच्या टेबलावर टाकली. मग खिडकीजवळच्या आरामखुर्चीपाशी आली, दोन्ही हातांनी चादर झटकून उलगडली आणि क्षणभर थांबली, काहीतरी राहून गेल्यासारखी.

भाऊसाहेबांनी, तिला अडचण नको म्हणून, नेहमीसारखी कोपरं आत घेतली.